घरची जमीन आणि केर काढणारे यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले हे खरे. पण मुलांपुढे बोलणे निराळे. ती मध्येच उठून जाऊ शकत नाहीत. आज आपल्यापुढे उभी राहिले आहे ती केवळ कार्यकारिणीच्या आग्रहामुळे. दिवाळीपासून आमच्या घरी एकेक जण येऊन विचारू लागली, ‘काकू, तुमचे ते केर काढणारे यंत्र आम्ही घ्यावे का? मुलगा पाठवतो म्हणतो.’ प्रत्येकीला चहाबरोबर तेच तेच सांगता सांगता मी थकले. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘एकदाच सर्वांना सांगून टाका.’ म्हणून हा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. माझ्यापुरता तो कंबरेचा आहे. माझ्या कण्यातील चकती सरकली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, यापुढे कंबरेत वाकावयाचे नाही. केर काढणे, फरशी पुसणे बंद. हे सांगणे सोपे. पण तो हंगाम होता कापसाच्या वेचणीचा. आमच्याकडे कामाला येणारी बाई वेचणीला निघून गेली. तिला बोल लावण्याचे काही कारण नाही. वेचणीला किलोमागे रोख पैसे मिळतात. महिन्याच्या पगारावर माझ्या घरातला केर काढीत ती कशाला बसेल? आपल्या पहूर-जामनेरच्या बाजूला दसऱ्यापासून पुढे तीन-चार महिने घरकामाला माणूस मिळत नाही, हे मी आपणांस सांगावयास नको. सून पुण्याला नोकरीवर. सासूबाईंचे वय झालेले. राहिले आमचे घरचे मालक. आमच्याकडे केरसुणीला पाय लागला तर लगेच नमस्कार करतात. हात मात्र लावीत नाहीत.

हे फोनवर ऐकून मुलाने पुण्याहून एक यंत्र पाठविले. खोके उघडले तेव्हा आत एक काळी, वाटोळी, चपटी वस्तू. चौदा इंची परात पालथी घातली तर दिसते तेवढी. जमिनीवर ठेवून कळ दाबली आणि ती गुरगुरत चालू लागली. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘काय व माय, हे कासव घरात कोणी सोडलं?’

ते कासव आमच्या घरात आठ दिवसदेखील चालले नाही. दोष यंत्राचा म्हणावा तर तेच यंत्र आज माझ्या बहिणीच्या मुलीकडे नाशिकच्या फ्लॅटमध्ये उत्तम काम देते आहे. दोष आमच्या निवडीचा होता. यंत्र कोणत्या जमिनीवर चालावयाचे आहे याचा विचारच आम्ही केला नव्हता. आपल्याकडची घरे एका दिवसात उभी राहिलेली नसतात. आमचे घर तीन पिढ्यांनी तीन वेळा बांधले. पुढची बैठक मुलाने केली, तिला दोन फूट बाय दोन फूट गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी. मधले घर सासऱ्यांच्या वेळचे, त्याला शहाबादी. स्वयंपाकघराला मोझॅक, आणि त्याच्या कडेने काळ्या फरशीचा पट्टा. मागची खोली पूर्वीच्या धाब्याच्या घराची. तिची जमीन मातीची, सणावारी सारवण्याची. आणि या चारही जमिनींच्या मध्ये उंबरठे. पुण्याच्या मुलाच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा फ्लॅट होता, जेथे दारापासून गॅलरीपर्यंत एकच फरशी.

बैठकीत ते यंत्र छान फिरले. मधल्या घराच्या उंबरठ्याला धडकून परत फिरले. उचलून शहाबादीवर ठेवले, तर सांध्यांतली माती तशीच राहिली. मोझॅकवर ठेवले, तर काळ्या पट्ट्याजवळ गेले की लक्ष्मणरेषा ओढल्यासारखे थांबे आणि माघारी वळे. ओट्याखालचा भाग, म्हणजे जेथे खरा केर पडतो तो, तसाच. मागच्या खोलीतील जमिनीचा तर त्याने पोपडा काढला. आणि चौथ्या दिवशी त्याचा ब्रश अडकून पडला. उलटे करून पाहिले तर त्यात कापसाचा बोंडाएवढा गोळा आणि माझे केस.

मग मी हट्टाला पेटले. शिक्षकीण असल्यामुळे वाचण्याचा कंटाळा नाही. मोबाइलवर वाचले, भाचीला विचारले, जळगावला दुकानात जाऊन उभ्या उभ्या तासभर प्रश्न विचारले. त्यातून जे समजले तेच सांगते.

हवेने धूळ ओढून घेण्याचे यंत्र काही आजचे नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियराने असे एक यंत्र केले. ते इतके प्रचंड की, घोडागाडीवर घालून आणीत, रस्त्यात उभे करीत आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडीत. घरात ठेवता येईल असे यंत्र केले ते अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या जेम्स मरे स्पँगलर याने. तो काही मोठा शास्त्रज्ञ नव्हता. एका दुकानात झाडलोट करणारा माणूस होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा वाढे. त्याने विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र उभे केले व १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ज्याला झाडावे लागते त्यालाच झाडण्याचे यंत्र सुचले, हे मला फार आवडले. आपोआप फिरणारे यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ मध्ये विकावयास काढले आणि २००२ मध्ये अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीचे ‘रूम्बा’ आले. ही कंपनी १९९० मध्ये तिघांनी काढली, त्यांत हेलन ग्रायनर ही एक बाई होती. ‘रोबो’ हा शब्द मात्र त्याहून जुना. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या एका नाटकातून तो आला. त्यांच्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. वेठीला धरलेला तो रोबो. भगिनींनो, आता आपल्या घरांत आजवर रोबो कोण होते, हे मी सांगत बसत नाही.

आता जमिनीकडे वळू.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड किंवा चांगली घासलेली ग्रॅनाइट, संगमरवरी फरशी असेल, आणि सगळे घर एका पातळीत असेल, तर जवळजवळ कोणतेही यंत्र चालते. अशा जमिनीवर धूळ वरच पडलेली असते. तिला ओढण्यास फार जोर लागत नाही. दुकानदार पास्कल, पास्कल म्हणून मोठमोठे आकडे सांगतो, त्याने बुजून जाऊ नये. पास्कल हे दाबाचे माप. आपल्या सभोवतालच्या हवेचा दाबच सुमारे १ लाख पास्कल आहे. २,५०० पास्कल ओढीचे यंत्र म्हणजे नळीने सरबत सुमारे २५ सेंटिमीटर वर ओढता येईल एवढी त्याची ओढ. १०,००० पास्कल म्हणजे तेच सरबत एक मीटर वर. पण हा आकडा बहुधा यंत्राचे तोंड बंद करून मोजलेला असतो. प्रत्यक्षात तोंड उघडे असते, खाली सांधे असतात, ब्रश झिजलेला असतो. तेव्हा गुळगुळीत जमिनीसाठी दोन-तीन हजार पास्कल पुरे. त्यावर जादा पैसे घालवू नयेत. पैसे घालावयाचेच तर पुसण्याच्या सोयीवर घालावे, कारण आपल्याला नुसता केर काढून समाधान होत नाही. ओले फडके फिरले पाहिजे.

पुसण्याचे प्रकार तीन. स्वस्त यंत्रांमागे ओले फडके नुसते बांधलेले असते आणि ते ओढत नेले जाते. त्याने धूळ बसते, डाग जात नाही. दुसऱ्यात दोन वाटोळी फडकी स्वतःभोवती फिरत घासतात. तिसऱ्यात रुळासारखे फडके फिरते आणि चालता चालता धुतले जाते. फोडणीचा तेलकट थर आणि चहाचे डाग असलेल्या आपल्या स्वयंपाकघराला दुसरा किंवा तिसरा प्रकार हवा. पहिल्याने फरशीवर नुसते पट्टे उठतात, आणि उन्हाची तिरीप आली की पाहुण्यांना ते आधी दिसतात.

शहाबादी फरशीचे प्रकरण मोठे आहे, कारण आपल्या निम्म्या गावात तीच आहे. हा दगड कर्नाटकातल्या शहाबादचा. चुनखडीचा. राजस्थानची कोटा फरशीही त्याच जातीची. घासून गुळगुळीत केलेली शहाबादी असेल तर अडचण नाही. पण आपल्या जुन्या घरांत ती खडबडीतच बसविलेली असते आणि दोन फरशांमधले सिमेंट निघून तेथे बोटभर खाच पडलेली असते. या खाचांत काळी माती बसते. शिवाय आपली जमीन काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते व तिला भेगा पडतात. तिच्यावर बसविलेली फरशी कोठे वर येते, कोठे खचते. एक फरशी दुसरीपेक्षा पाव इंच वर असेल तर यंत्र निभावून नेते. पण पाऊण इंचाच्या पुढे गेली की साधे यंत्र अडते. हल्ली अत्यंत महागडी काही यंत्रे पाय उचलून त्याहून उंच चढतात असे दाखवितात. चढत असतील, परंतु तेवढ्या पैशांत आपल्या मधल्या घराची फरशी उपटून नवी बसेल.

म्हणून खडबडीत शहाबादीसाठी ओढ पाच-सहा हजार पास्कलच्या वर असलेले, चाके मोठी व रबरी असलेले यंत्र पाहावे. आणि त्याआधी गवंड्याला बोलावून सांधे सिमेंटने भरून घ्यावेत. माझे दुसरे यंत्र मी सांधे भरल्यावर घेतले. गवंड्याचा एक दिवसाचा खर्च आला, पण यंत्राची ओढ आपोआप दुप्पट झाल्यासारखी वाटली. आणखी एक. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यांना आंबट सोसत नाही. पाण्यात व्हिनेगर, लिंबू अथवा संडास धुण्याचे ॲसिड टाकले तर दगडाचा वरचा थर खाल्ला जातो आणि तकाकी कायमची जाते. यंत्राच्या टाकीत तर मुळी काहीच घालू नये, फिनाइलसुद्धा नाही, जोवर सोबतच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्याच्या बारीक नळीत बसतो; शक्य तर पिण्याच्या फिल्टरचे पाणी घालावे.

आता तो काळा पट्टा. जुन्या मोझॅकला आणि नक्षीच्या सिमेंट फरशांना (मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून केलेल्या अशा फरशा जुन्या वाड्यांत अजून पाहावयास मिळतात) कडेने काळा पट्टा घालण्याची फॅशन होती. यंत्राच्या पोटाला दिवे असतात. ते डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली टाकतात आणि तो परत आला तर ‘जमीन आहे’ असे यंत्र समजते. जिन्याच्या कडेवर प्रकाश परत येत नाही, म्हणून यंत्र थांबते व खाली पडत नाही. पण गडद काळी फरशी तो प्रकाश गिळून टाकते, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटते की, पुढे खड्डा आहे! काळा कडप्पा, काळे ग्रॅनाइट यांवरही असेच होते. काहीजण यंत्राच्या पोटावर कागद चिकटवून हे दिवे बंद करतात. घरात जिना किंवा ओसरीची पायरी असेल तर हा उद्योग मुळीच करू नये; यंत्र गडगडत अंगणात जाईल. खरेदीपूर्वी दुकानातच त्याला काळ्या फरशीवर सोडून पाहावे. दुकानात काळी फरशी नसेल तर काळे जाड कापड नेऊन अंथरावे. मी नेले होते. दुकानातला मुलगा हसला, पण पहिली दोन यंत्रे त्या कापडाशी थांबली, तिसरे पलीकडे गेले. मी तिसरे घेतले.

सारवलेल्या जमिनीविषयी एका वाक्यात सांगते: तेथे यंत्र नेऊ नये. ते सारवण उकरते, धूळ पोटात भरते आणि स्वतःही मरते. मागच्या खोलीला आजही आमच्याकडे लांब दांड्याचा झाडूच फिरतो.

लाकडी फरशी आपल्याकडे कोणाच्या घरी नाही. पण मुलांच्या पुण्या-मुंबईच्या घरांत लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट फरशी असते. तिला पाणी बेताचे लागले पाहिजे. नाही तर सांध्यात शिरून ती फुगते. पाणी कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र त्यांनी घ्यावे. गालिचे असतील तर गालिच्यावर आले की ओले फडके वर उचलणारे यंत्र मिळते, ते पाहावे. आपल्या सतरंजीचे मात्र कोणतेही यंत्र भले करू शकत नाही. ती पातळ, यंत्र तिला गोळा करून पुढे ढकलते आणि झालर ब्रशात घेते. सतरंज्या, चटया, गोधड्या आधी उचलाव्यात. देवघरापुढची रांगोळी आणि समईही. माझ्या सासूबाईंनी पहाटे घातलेली रांगोळी एकदा त्याने संपूर्ण खाल्ली, तेव्हापासून त्या त्याला ‘उंदीर’ म्हणतात.

कापसाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हे कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. भाव येईपर्यंत आपण कापूस घरातच भरून ठेवतो. कित्येक घरांत बैठकीच्या निम्म्या भागात छतापर्यंत कापूस असतो आणि माणसे उरलेल्या निम्म्यात राहतात. त्याचे तंतू दिवसभर तरंगत असतात. केसाळ ब्रश असेल तर तंतू आणि आपले लांब केस मिळून त्यावर सुताची गुंडी तयार होते. म्हणून केसांचा ब्रश नको. रबरी पात्यांचा रूळ घ्यावा. त्यातही केस गुंततात, पण कात्रीने दोन मिनिटांत निघतात. दर दोन दिवसांनी यंत्र उलटे करून रूळ, चाके आणि पुढचे लहान चाक साफ करावे. चाकातला केस विसरला की ते लंगडू लागते.

आणि केराची पेटी रोज झटकावी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे जी धूळ येते तिच्यापुढे पाव-अर्ध्या लिटरची ती पेटी काय पुरणार? पेटी आपोआप रिकामी करणारे खांब मिळतात. त्यांत दोन-अडीच लिटरची पिशवी असते. सोय चांगली, पण पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात, आणि कापसाने त्याची नळी तुंबते. वेचणीच्या घरात मी तो घेऊ नये असेच म्हणेन. पेटी रिकामी करताना मात्र केर चाळून पाहावा. माझ्या पोतीचा एक मणी आणि सुनेच्या कानातल्याची फिरकी मला तेथेच सापडली.

यंत्र चालते कसे, हेही पाहावे. काही यंत्रे नुसती भटकतात. भिंतीला धडकली की वळतात, एकाच जागी चारदा जातात आणि कोपरा सोडतात. आमचे पहिले तसेच होते. दुसरी, डोक्यावर लहानशी फिरती टोपी असलेली, प्रकाशाच्या किरणांनी खोली मोजतात आणि शेतात औत चालावे तशी तास धरून जातात. घरात दोन-तीन खोल्या असतील तर दुसराच प्रकार घ्यावा. पण त्या टोपीमुळे त्याची उंची चार इंचांच्या आसपास जाते. तेव्हा बाज, दिवाण, कपाट यांच्या खाली ते शिरेल का हे आधी पाहावे. युक्ती सोपी आहे. चौदा इंची परात पालथी घालावी, वर डब्याचे झाकण ठेवून उंची चार इंच करावी, आणि घरभर ढकलत न्यावी. परात जेथे जाते तेथे यंत्र जाईल.

वीज फारशी लागत नाही. साध्या यंत्राला एकदा पूर्ण भरण्यास सुमारे युनिटाचा दहावा भाग. वीज गेली तरी चालू असलेले यंत्र बॅटरीवर काम पुरे करते. मात्र वीज गेली की घरातले वायफाय जाते आणि मोबाइलवरून त्याला हुकूम देता येत नाही. म्हणून ज्याच्या अंगावरच कळ आहे आणि ती दाबून मोबाइलशिवाय जे चालते, तेच घ्यावे. दुसरेही कारण आहे. कंपन्या येतात आणि जातात. ज्या आयरोबॉटचे नाव मी मघाशी घेतले, तिच्यावरही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. कंपनीचा आधार सुटला तरी घरातले यंत्र निदान केर काढू शकले पाहिजे. दुरुस्तीचा माणूस आपल्या पिनकोडवर येतो की यंत्र खोक्यात घालून पुण्या-मुंबईला पाठवावे लागते, हेही पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे.

आता एक गोष्ट जी मला फक्त बायकांच्या सभेतच बोलावीशी वाटते. काही यंत्रांना कॅमेरा असतो. वाटेतली चप्पल ओळखण्यासाठी तो उपयोगी पडतो. परंतु २०२० साली चाचणीसाठी लोकांच्या घरी दिलेल्या रूम्बाच्या काही विशेष यंत्रांनी टिपलेली छायाचित्रे पुढे बाहेर फुटली. त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेही चित्र होते. अमेरिकेतील ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने डिसेंबर २०२२ मध्ये ही हकीगत छापली. ती विक्रीची यंत्रे नव्हती आणि चाचणीला त्या लोकांनी संमती दिलेली होती, हे खरे. पण संमती देताना एवढे कोणाच्या मनात आले असेल? आपल्याकडे निजण्याची, कपडे बदलण्याची, लेकराला पाजण्याची खोली बहुधा एकच. मी कॅमेऱ्याचे यंत्र घेतले नाही. किरणांनी मोजणाऱ्याला कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही. चप्पल आपण उचलू.

किमतीचे म्हणाल, तर दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत आहेत. आपल्या बचत गटातून कर्ज काढून हे घेण्याचा विचार एक-दोघींनी बोलून दाखविला. त्यांच्या घरची जमीन मी पाहिली आहे. एकीकडे तीन उंबरठे आणि गोठा घराला लागून. वासराचे शेण वाटेत असले तर यंत्र ते घरभर सारवून येईल, आणि तेही नको त्या जागी! तिला मी स्पष्ट सांगितले, कर्ज काढू नकोस. उभ्याने केर काढता येईल असा लांब दांड्याचा झाडू आणि पिळण्याची बादली असलेला लांब दांड्याचा पोछा घे. काही शे रुपयांत कंबर वाचते. आपल्या आखूड केरसुणीने किती बायकांच्या पाठी वाकविल्या याचा हिशोब कोणी ठेवला नाही. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहावे, त्याला माझी ना नाही. पण उरलेले दिवस तिला दांडा लावला तर लक्ष्मी रागावेल असे मला वाटत नाही.

आमच्या बाईचे काय झाले, असे मला दोघी-तिघींनी विचारले, आणि विचारावयासच हवे होते. वेचणी संपल्यावर ती परत आली. ओट्याशेजारी यंत्र पाहून तिचा चेहरा उतरला. ‘काकू, आता माझं काय काम?’ असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर सुचेना. रात्रभर झोप लागली नाही. मी माझी पाठ वाचविली, ती हिच्या पोटावर पाय देऊन का? दुसऱ्या दिवशी बोललो. केर आणि पुसणे यंत्राकडे, मागची खोली, अंगण, भांडी तिच्याकडे, पगार तोच. उरलेल्या वेळात ती यंत्र साफ करावयास शिकली. आता माझ्यापेक्षा तिलाच ते अधिक कळते. ब्रश कधी बदलावयाचा हे ती सांगते आणि मी मागविते. पगार तोच ठेवणे सर्वांना जमेल असे मी म्हणत नाही. माझे निवृत्तिवेतन आहे म्हणून जमले. परंतु यंत्राच्या किमतीचा हिशोब करताना ही एक बाजू वहीत मांडली पाहिजे. ती सोडून केलेला हिशोब मला खोटा वाटतो.

आमच्या घरच्या मालकांची मात्र गंमत झाली. ज्यांनी आयुष्यात केरसुणी हातात धरली नाही, ते आता रोज सकाळी वर्तमानपत्र बाजूस ठेवून मोबाइलवर घराचा नकाशा उघडतात, आणि ‘आज मधले घर दोनदा घेऊ का?’ असे मला विचारतात. परवा शेजारचे गृहस्थ आले तेव्हा त्यांना म्हणाले, ‘हल्ली केर मीच काढतो.’ मी आतून ऐकले आणि गप्प बसले.

वेळ संपल्याची घंटा अध्यक्षबाईंनी दोनदा वाजविली आहे. मोजणीसाठी वापरलेला टेप, काळे कापड आणि चौदा इंची परात मी मंडळाच्या कपाटात आणून ठेवली आहे. ज्यांना घरची जमीन मोजावयाची असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी. परात तेवढी संक्रांतीच्या आत परत करावी. हळदकुंकवाच्या तिळगुळाला ती लागते.